कॉफीच्या बियांची साठवण : आधी कोरडे, मग बंद, शेवटी थंड



या सदरातून आपण डाळी, हळद, तिखट आणि उन्हाळी वाळवणे यांच्या साठवणीविषयी वेळोवेळी बोलत असतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. रिसोड तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा बंगळुरूला नोकरीस असतो. घरी येताना तो कॉफीच्या भाजलेल्या बिया एक किलो घेऊन येतो. एस्प्रेसो कॉफी काढण्याचे हाताने दाबायचे लहान यंत्र आणि बिया दळायची हातचक्कीही त्याने आणून ठेवली आहे. पहिले पंधरा-वीस दिवस कॉफी उत्तम होते. पुढे वास जातो, कपावरचा फेस जातो आणि शेवटची पाव किलो कॉफी भुसा उकळल्यासारखी लागते. पिशवी फ्रीजमध्ये ठेवली तरी तेच. "इतक्या महागाच्या बिया, लेकाने हौसेने आणलेल्या. टाकवत नाहीत आणि पिववतही नाहीत. काय करावे?" असे त्या विचारतात.

वाशीमच्या माणसाला कॉफीचे काय, असे कोणी म्हणेल. आपला जिल्हा चहाचा, हे खरे. पण कॉफी आपल्यापासून फार दूर नाही. कारंजा, अमरावती, परतवाडा करीत वर चढले की चिखलदरा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर, सातपुड्याच्या डोंगरात, इंग्रजी अमदानीपासून कॉफीची झाडे आहेत. महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ठिकाण म्हटले की चिखलदऱ्याचेच नाव निघते. सहलीला गेलेली मंडळी तेथून कॉफीची पुडी घेऊन येतात. देशातील बहुतेक कॉफी मात्र कर्नाटकात पिकते. आपली मुले आता पुण्या-बंगळुरूला शिकायला आणि नोकरीला असतात, तेव्हा कॉफीही त्यांच्याबरोबर घरी येणारच.

दुसरे असे, की बी कोणतेही असो, ते साठवण्याचे शास्त्र एकच आहे. कॉफीच्या बियांचे नीट समजले तर घरातील तूरडाळीचे, तिखटाचे आणि पेरणीसाठी राखलेल्या सोयाबीनचेही समजते. म्हणून हा विषय सविस्तर घेतला आहे.

कच्ची बी आणि भाजलेली बी

कॉफीचे फळ बोराएवढे, पिकल्यावर लाल होते. एका फळात बहुधा दोन बिया असतात. फळे तोडून, गर काढून, बिया वाळवतात. चांगल्या वाळलेल्या कच्च्या बीत १० ते ११ टक्के ओलावा असतो. आपण सोयाबीन किंवा तूर वाळवून कोठीत भरतो, जवळजवळ तसाच हा प्रकार. अशी हिरवट कच्ची बी कोरड्या, सावलीच्या जागी कित्येक महिने चांगली राहते. तिला फ्रीझरची गरज नाही.

हवेतली ओल मात्र तिला लगेच कळते. कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर 'मॉन्सून्ड मलबार' नावाची कॉफी तयार करतात. तेथे कच्च्या बिया पावसाळ्यात उघड्या गोदामात पसरून मुद्दाम ओली हवा लागू देतात. काही आठवड्यांत बी फुगते, रंग फिका पिवळसर होतो आणि चवच बदलते. त्यांना तसेच हवे असते, म्हणून ते जाणत्या देखरेखीखाली करतात. आपल्या स्वयंपाकघरात श्रावणात तेच आपोआप होते, आणि ते कोणालाच नको असते.

भाजल्यावर बीची सगळी प्रकृती बदलते. २०० अंशांच्या वर उष्णता लागली की शेंगदाण्यासारखी ती तडतडते, फुगते, तपकिरी होते. ओलावा जवळजवळ सगळा जातो, दोन-तीन टक्केच उरतो. वजन शेकडा १५ ते २० ने घटते. आत असंख्य बारीक पोकळ्या होतात. त्या पोकळ्यांत तीन गोष्टी असतात : सुगंधी द्रव्ये, तेल आणि कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आपण पैसे देतो ते या ऐवजासाठी.

हा वायू भाजल्यापासून हळूहळू बाहेर पडत राहतो. म्हणून चांगल्या पाकिटाला वरच्या बाजूस लहान गोल झडप असते. तिच्यातून वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही.

एस्प्रेसोला या वायूचे विशेष महत्त्व आहे. आपल्याकडे लग्नात वाफेने फसफसवलेल्या दुधाची जी 'एक्स्प्रेसो' मिळते, ती ही नव्हे. ते यंत्र फक्त दूध तापवून फेसाळते. खऱ्या एस्प्रेसोत ९० ते ९६ अंशांचे पाणी बारीक दळलेल्या कॉफीतून जोराने दाबतात. तो दाब हवेच्या दाबाच्या सुमारे नऊ पट असतो. मोटारसायकलच्या चाकात दोन-सव्वादोन पट हवा असते, त्यावरून अंदाज करावा. २५ ते ३० सेकंदांत घट्ट, थोडी कॉफी उतरते आणि तिच्यावर तांबूस साय येते. इटलीत आकिले गाज्जिया यांच्या दांड्याच्या यंत्रामुळे १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही साय कपात दिसू लागली. ती साय मुख्यतः बियांत शिल्लक राहिलेल्या वायूमुळे येते. बी जुनी झाली, वायू निघून गेला, की साय नाही. म्हणून इतर कॉफीत जे शिळेपण झाकून जाते, ते एस्प्रेसोत लगेच उघडे पडते.

बियांचे चार वैरी

पहिला वैरी हवा. हवेतील प्राणवायू तेलाला लागला की तेल खवट होते. जुन्या शेंगदाण्याला जो वास येतो, तोच प्रकार.

दुसरा ओल. दोन टक्के ओलाव्याची बी कोरड्या टिपकागदासारखी असते. आजूबाजूची ओल ती ओढून घेते. ओल शिरली की सुगंध उडतो आणि शिळेपणाला वेग येतो.

तिसरा उष्णता. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरले की वेग निम्मा होतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघरात ४२ अंश सहज असतात. चांगल्या फ्रीझरमध्ये उणे १८ असतात. मध्ये ६० अंशांचे अंतर, म्हणजे सहा पायऱ्या. एकाला सहा वेळा दुप्पट केले की ६४ येतात. हा कागदावरचा हिशेब आहे, तंतोतंत धरू नये. पण बाहेर दिवसांत होणारे नुकसान फ्रीझरमध्ये होण्यास महिने का लागतात, हे त्यावरून ध्यानात येईल.

चौथा वैरी प्रकाश. काचेच्या पारदर्शक बरणीत बिया दिसायला छान दिसतात, पण खिडकीत ठेवू नयेत.

आणि या चौघांनाही दार उघडून देणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दळणे. अख्ख्या बीचे कवच म्हणजे तिची कोठी. दळल्याबरोबर हजार दारे उघडतात. दळलेल्या कॉफीचा वास पहिल्या काही मिनिटांतच उतरू लागतो. तो साऱ्या घरभर दरवळतो तेव्हा आपल्याला आनंद होतो, पण जेवढा घरात आला तेवढा कपातून गेला. म्हणून साठवावी ती अख्खी बी, आणि दळावी ती लागेल तेवढीच.

फ्रीजमध्ये ठेवूनही का बिघडली?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने थंडी दिली, पण पिशवी एकच, मोठी, आणि ती रोज उघडली जात होती. उन्हाळ्यात थंड पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी तांब्यातून झिरपलेले नसते, हवेतील ओल थंड धातूवर जमलेली असते. थंड पिशवी उघडली की नेमके हेच बियांवर होते. फरक एवढाच, की तांब्या पाणी पीत नाही, बी पिते. मग तीच पिशवी पुन्हा थंडीत जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर येते. महिन्याभरात बियांना तीस वेळा दव पडले!

शिवाय फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तापमान चार-पाच अंशांच्या आसपास असते. तेथे कांदा, कोथिंबीर, ताक, रात्रीची भाजी, सगळ्यांचे वास एकत्र नांदतात. पोकळ बी ते वास शोषून घेते. म्हणून भाजलेल्या बिया रोज उघडायच्या असतील तर फ्रीजपेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या फडताळात, चुलीपासून दूर ठेवलेल्या बऱ्या.

थोडक्यात, थंडी हा तिसरा उपाय आहे. पहिला कोरडेपणा, दुसरा बंदोबस्त. पहिले दोन नसतील तर थंडी उलट नुकसान करते.

एक किलोचे आठ भाग

आता प्रत्यक्ष पद्धत सांगतो.

१) पाकिटावर भाजल्याची तारीख पाहावी. एस्प्रेसोसाठी भाजल्यापासून साधारण आठ-दहा दिवस बिया बंद पाकिटात तशाच राहू द्याव्यात. अगदी ताज्या बियांत वायू इतका असतो, की यंत्रात कॉफी नीट उतरत नाही. नुसता फेस येतो आणि चव आंबट-तिखट लागते. वायू थोडा ओसरला की बी तयार झाली असे समजावे.

२) त्यानंतर उशीर करू नये. घरात नवरा-बायको दोघे रोज एकेक कप घेत असतील, तर एका कपास नऊ ग्रॅम धरून दिवसाला १८ ग्रॅम बिया लागतात. सात दिवसांचे १२६ ग्रॅम झाले. म्हणजे एक किलोचे सव्वाशे-सव्वाशे ग्रॅमचे आठ भाग करावेत. एक भाग म्हणजे एक आठवडा. एक भाग बाहेर ठेवावा, सात भाग फ्रीझरमध्ये.

३) भाग कशात भरावेत? जाड प्लास्टिकची, दाबून बंद होणारी पिशवी चालते. आतील हवा हाताने दाबून पूर्ण काढावी आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालावी. घट्ट झाकणाची लहान काचेची बरणी अधिक चांगली. बरणी गळ्यापर्यंत भरावी. कोरड्या बिया पाण्यासारख्या गोठून फुगत नाहीत, त्यामुळे काच फुटण्याचे भय नाही. लोणच्याची बरणी वापरू नये. कितीही धुतली तरी तिचा वास बिया पकडतात. झडपेचे मूळ पाकीट न उघडता तसेच ठेवायचे असेल तर झडपेवर चिकटपट्टी लावावी.

४) भरण्याचे काम कोरड्या दिवशी, कोरड्या हातांनी करावे. पावसाची झड लागलेली असेल तर एक-दोन दिवस थांबावे.

५) प्रत्येक भागावर भाजल्याची आणि ठेवल्याची तारीख लिहावी. आपल्या बियाण्याच्या पोत्यावर लेबल असते, तसे.

६) भाग फ्रीझरच्या मागच्या बाजूस ठेवावेत, दारापाशी नव्हे. बर्फाची भांडी आणि मटार यांच्या खाली ते दडपून गेले तर उत्तमच. हात कमी लागेल.

७) एक भाग संपत आला की आदल्या रात्री दुसरा बाहेर काढावा आणि न उघडता ओट्यावर ठेवावा. बाहेरून घाम फुटेल, फुटू द्यावा. सकाळी तो पुसून, पिशवी हाताला थंड लागत नाही याची खात्री करून मगच उघडावी. सगळ्या पद्धतीतील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि घाईत तीच चुकते.

८) उघडलेला भाग पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नये.

अशा रीतीने ठेवलेल्या बिया तीन-चार महिने सहज चांगल्या राहतात. दिवाळीला आलेल्या मुलाने आणलेली कॉफी संक्रांतीला पाहुण्यांना देता येते.

ज्यांना आणखी हौस आहे त्यांनी एकेका वेळेच्या, १८ ग्रॅमच्या, लहान बाटल्या भराव्यात. अशी बाटली काढून बिया गोठलेल्या असतानाच थेट दळल्या तरी चालते. कारण त्यांतील एकही बी परत जाणार नसते आणि दव पडायला वेळच मिळत नाही. इंग्लंडमधील बाथ येथे क्रिस्टोफर हेंडन, मॅक्सवेल कोलोना-डॅशवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. थंड बी अधिक ठिसूळपणे फुटते, तिची पूड अधिक बारीक आणि एकसारखी होते, असे त्यांना आढळले. एकसारख्या पुडीतून पाणीही एकसारखे जाते. मात्र पूड बारीक पडली तर कॉफी थेंब-थेंब उतरेल. तेव्हा चक्की थोडी जाड करावी.

वीज जाते त्याचे काय?

हा प्रश्न आपल्या भागात टाळता येत नाही. वीज दोन-चार तास गेली तर फ्रीझरचे दार उघडू नये. आतील थंडी टिकते, आणि भरलेल्या फ्रीझरमध्ये अधिक टिकते. बरणी घट्ट बंद असेल तर दव बाहेरच पडते, आत बिया कोरड्या राहतात. बंदोबस्त थंडीच्या आधी का, हे येथे कळते.

एका दाराच्या जुन्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा बहुधा उणे १८ पर्यंत उतरत नाही आणि फ्रीजचे दार उघडले की तोही तापतो. तेथे महिना-दीड महिन्याहून अधिक भरवसा ठेवू नये. ज्या गावात दिवसाचे अनेक तास वीज नसते, तेथे या खटाटोपात पडू नये. मुलाला सांगावे, की एक किलोऐवजी पाव-पाव किलो दोनदा पाठव. टपालाचे चार पैसे जास्त जातील, पण कॉफी वाया जाणार नाही.

आणि शिळ्या झालेल्या बिया फ्रीझरमध्ये ठेवून काही उपयोग नाही. फ्रीझर ही पेटी आहे, वैद्य नव्हे. जे ठेवाल तेच परत मिळेल. बाजारातील पाण्यात विरघळणारी झटपट कॉफी तर थंडीत ठेवूच नये. तिचे झाकण घट्ट आणि चमचा कोरडा असला म्हणजे झाले.

प्रात्यक्षिक करून पाहा

आम्ही विस्तार खात्यातील माणसे शेतकऱ्याला नेहमी सांगतो, की नवे वाण सगळ्या शेतात एकदम लावू नका, शेजारी-शेजारी दोन तुकडे करून बघा. येथेही तसेच करावे. एकाच पाकिटातील बिया तीन बरण्यांत भराव्यात. एक फडताळात, एक फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रोज उघडून, एक फ्रीझरमध्ये न उघडता. महिन्याने तिन्ही सारख्याच दळाव्यात आणि घरातल्या एखाद्याला कोणती कोणती हे न सांगता वास घ्यायला द्यावा. मग कोणी सांगितले म्हणून मानण्याची गरज उरणार नाही.

मग पेरणीचे बियाणे फ्रीझरमध्ये ठेवावे काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. कॉफीची भाजलेली बी मेलेली असते, तिचा फक्त सुगंध राखायचा असतो. बियाणे जिवंत असते, त्याचा जीव राखायचा असतो. वैरी मात्र तेच.

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जनुककोशात लाखो वाणांचे नमुने उणे १८ अंशांवर ठेवलेले आहेत. नॉर्वेतील स्वालबार्ड येथे २००८ साली सुरू झालेल्या जागतिक बियाणे कोठारातही तेच तापमान आहे. म्हणजे तुमच्या चांगल्या फ्रीझरचेच! पण तेथे क्रम पाहा. आधी बियाणे फार काळजीने वाळवतात, इतके की ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास येतो. मग ते धातूच्या पापुद्र्याच्या पाकिटात हवाबंद करतात. आणि त्यानंतरच थंडीत नेतात.

आपल्या घरच्या सोयाबीनचे तसे नाही. एकरी ३० किलो बियाणे कोणत्या फ्रीझरमध्ये मावणार? शिवाय ओलसर बियाणे गोठले तर आतील ओलीचा बर्फ होऊन कोंब मरतो. तेव्हा सोयाबीन फ्रीझरमध्ये ठेवू नये. ते १२ टक्क्यांच्या आत वाळवावे, स्वच्छ बारदानात भरावे, फळ्यांवर ठेवावे, भिंतीला टेकवू नये, चार-पाच पोत्यांहून उंच थप्पी लावू नये आणि पोते आपटू नये. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. ७० उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा पाऊस पडला होता, हे आपण विसरलेलो नाही. दुबार पेरणीचा घाव कॉफीच्या पाकिटासारखा हलका नसतो.

परसबागेचे थोडेसे बी, वांगी, मिरची, दोडका यांचे, जपायचे असेल तर मात्र हीच युक्ती उपयोगी पडते. सावलीत खडखडीत वाळवावे, लहान बाटलीत भरावे, त्यात कढईत भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकावी, झाकण घट्ट करावे आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. पेरणीच्या वेळी बाटली बाहेर काढून, थंडपणा गेल्यावरच उघडावी.

आपल्या आज्या कणगीला शेणामातीने लिंपत, बियाण्यात राख मिसळत आणि गाडग्याचे तोंड चिखलाने बंद करीत. फ्रीझर त्यांच्याजवळ नव्हता, पण पहिले दोन नियम त्यांना तोंडपाठ होते. आपल्याजवळ आता तिसराही आहे. तो हाती आला म्हणून पहिले दोन सोडू नयेत, एवढेच सांगायचे आहे.

पुढील अंकी : पावसाळ्यात तूरडाळीला भुंगा लागू नये म्हणून काय करावे.